बटणवाल्याची शिक्षा

७ नोव्हेंबर

ही डायरी श्रुतीने दिली. कुठल्याशा औषध कंपनीची, गेल्या वर्षीची. वार एकही जुळत नाही, आणि दर पानाच्या तळाशी पचनाविषयी एक सुविचार छापलाय. आजचा : 'घास सावकाश चावा.'

लखनऊला मी दोन दिवसांसाठी आलो होतो. दसऱ्याला. दिनकरमामा रेल्वेच्या संशोधन खात्यात इंजिनियर, मानक नगरात त्यांचं क्वार्टर, क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात एक खाट. त्या खाटेवर मी अजून आहे. आज जेवताना मामांनी विचारलं, "सिद्धेश, पुढे काय ठरवलंयस?"

"नेपाळ."

"नेपाळ हा बेत नाही, देश आहे."

श्रुती खिदळली. "पापा ने छक्का मार दिया!" मामांची ही पोरगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत. लतिकामामी म्हणाली, "आधी ती भाजी संपव, मग नेपाळ."

मामांचं चुकत नाही. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग गोकर्णला हॉस्टेलच्या काउंटरवर, कसोलला कॅफेत, हृषीकेशला राफ्टा ओढण्यात. एवढ्या भटकंतीतून हाती काय लागलं तर इंग्रजी, तेही परदेशी पोरांकडून उचललेलं, त्यात शिव्या जास्त. मामा म्हणाले, त्या इंग्रजीला एक काम आलंय, सांगतो. मग ते बातम्या बघायला बसले आणि विसरले. मीही विसरलो. मागच्या गच्चीवर कुणी कबुतरं उडवत होतं, ती घरी परतेपर्यंत बघत बसलो.

९ नोव्हेंबर

काम असं आहे. मुक्ताताई पळसुले मामांच्या ओळखीच्या. वडील इथे शास्त्रज्ञ होते, त्या इथेच जन्मल्या, इथल्याच झाल्या. अमीनाबादच्या मागच्या गल्लीत त्यांचा हाडाच्या नक्षीकामाचा कारखाना आहे. हाड म्हणजे म्हशीचं. पूर्वी कंगवे, डब्या, कागद फाडायच्या सुऱ्या व्हायच्या. आता त्या कुणी घेत नाही. जागेच्या मालकाला तिथे मोबाइलचं गोदाम करायचंय. महिनाअखेरपर्यंत मुक्ताताईंनी जागा पुढे ठेवते म्हटलं नाही, तर कारखाना बंद. आणि आता एक इंग्रज आलाय, बटणांचा मोठा कारखानदार. त्याला हाडाची बटणं हवीत, भागीदारीही करायचीय. त्याच्याबरोबर फिरायला, बोलणं इकडून तिकडे करायला माणूस पाहिजे.

"हाडं?" मामी म्हणाली. "कामाला जा बापडा, पण खिशातून घरी काही आणू नकोस."

मुक्ताताईंनी फोनवर दोनच प्रश्न विचारले. "हिंदी ठीक आहे ना? इंग्लिश?" दोन्हीला मी हो म्हटलं. हिंदी म्हणजे मिरजेच्या शाळेत झाली तेवढी, उरलेली सिनेमातली. पण नाही कशाला म्हणा.

संध्याकाळी हज़रतगंजच्या हॉटेलात त्याला भेटलो. रॉन गारसाइड. पंचाहत्तरीला आलेला, उंच, पाठीत वाकलेला, हात मात्र गवंड्याचे. चष्मा दोरीने गळ्यात. मी सर म्हणालो तर म्हणाला, "सर म्हणू नकोस, मागे वळून बघावं लागतं कोण आलं ते. तुमच्यात म्हाताऱ्या माणसाला काय म्हणतात?"

"काका."

"काका." दाताखाली धरून बघितल्यासारखं म्हणाला. "चालेल."

मेनूकार्ड आलं. त्याने न उघडताच माझ्याकडे सरकवलं. "तू इथला, तू सांग." मी कुठला इथला! पण गलौटी कबाब मागवले, शीरमाल रोटी मागवली, मग परत गलौटी. श्रीमंत माणसं निवडायचे कष्टसुद्धा घेत नाहीत. मजा आहे.

१२ नोव्हेंबर

कारखाना बघितला. एका लांबट खोलीत सहा माणसं जमिनीवर बसून कानशीने हाड घासतायत, सगळ्यांच्या भुवया हाडाच्या भुकटीने पांढऱ्या. वास येतो, पण थोड्या वेळाने नाकच सोडून देतं. सगळ्यात वयस्क शकील मियाँ. म्हणाले, "हमारे दादा हाथी-दाँत तराशते थे. अब भैंस है. चलिए, लखनऊ में भैंस को भी इज़्ज़त मिल गई."

हे मी इंग्रजीत केलं आणि म्हातारा खो खो हसला. मग त्याने एक बटण उचलून ओठाला लावलं.

"साहब बटन चूम रहे हैं?" शकील मियाँ.

"प्लॅस्टिक ओठाला कोमट लागतं, हाड गार लागतं," म्हातारा म्हणाला. "आणि सांग त्यांना, हो, चुंबनच. बायको गेल्यापासून दुसरं कुणी देत नाही."

मी सांगितलं. हसणार होते, मग थांबले. शकील मियाँनी स्वतःच्या पाठीमागची उशी काढून त्याला दिली.

मुक्ताताईंनी सगळ्यांची नावं इंग्रजीत टाइप करून आणली होती. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला, बघितलासुद्धा नाही. प्रत्येकाला तोंडी नाव विचारलं, एकदाच. निघताना सहाही जणांना नावाने हाक मारून निरोप घेतला. मला अजून दोनच आठवतायत. म्हाताऱ्याची स्मरणशक्ती भयंकर.

१३ नोव्हेंबर

काही नाही. म्हाताऱ्याला सुट्टी हवी होती. चौकात एक माणूस कान साफ करायचं दुकान मांडून बसलेला, त्याच्याशी बोलत दुपार गेली. तो काठमांडूला राहून आलाय! सगळी माहिती घेतली.

१६ नोव्हेंबर

आज म्हातारा बोलत सुटला. गाव ड्यूजबरी. (मी आधी ज्यूसबरी लिहिलं होतं.) बाप खाणीत. पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि चिंध्यांच्या वखारीत लागला. तिथे जुने कपडे यायचे, लोकर परत पिंजायची, त्याआधी कापडावरची बटणं कापून काढायची. ते काम याचं. बटणं फेकून द्यायचे. हा बरणीत साठवायला लागला, रंगाने, आकाराने, हाताला कसं लागतं त्याने. बाजाराच्या दिवशी एका खोक्यावर बरण्या मांडून बसला. "ज्यांच्या कोटाचं एकच बटण हरवलंय अशी माणसं गावात किती असतात, तुला कल्पना नाही," म्हणाला. "दुकानदार डझन घ्या म्हणायचा. मी एक द्यायचो."

मग गाळा. मग एका बुडालेल्या कारखान्याचं यंत्र, ते हातगाडीवरून आणलं. मग प्लॅस्टिकची बटणं, तीनशे कामगार, अर्ध्या इंग्लंडच्या शर्टांवर याची बटणं. "प्लॅस्टिकने मला श्रीमंत केलं, पण स्वतःच्या शर्टावर मी ते कधी लावलं नाही." गेल्या वर्षी बायको शीला गेली आणि याने सगळं विकून टाकलं. का विकलं विचारलं, तर म्हणाला, "सकाळचा चहा एकट्याने जमेना." आता म्हातारी गेल्यावर चहा कोण करून देणार, खरंच आहे. पण त्यासाठी कारखाना विकायचा? नोकर ठेवायचा.

मग त्याने पिशवीतून भागीदारीचा करार काढला. त्याच्या तिकडच्या वकिलाने पाठवलेला, जाडजूड. म्हणाला, "चष्मा हॉटेलवर राहिला, जरा वाचून दाखव." चष्मा गळ्यातच होता. मी बोट दाखवणार होतो, पण बरं दिसलं नसतं. म्हातारपणी विसरतात माणसं.

वाचलं. अरे देवा, काय ती भाषा! एका वाक्यात श्वास तीनदा संपतो. मधला भाग फारच कंटाळवाणा होता, तिथे मी उड्या मारल्या. त्याला काय कळतंय. तो डोळे मिटून बसला होता, झोपला असावा.

१९ नोव्हेंबर

झोपला नव्हता. आज परत वाच म्हणाला. मी परत वाचलं, आणि खरं सांगायचं तर या वेळी मधल्या भागाशिवाय आणखीही कुठे कुठे उड्या मारल्या, कारण खिडकीबाहेर दोन रिक्षांची टक्कर झाली होती आणि दोन्ही रिक्षावाले एकमेकांना आप आप करून शिव्या देत होते. असं भांडण मिरजेत बघायला मिळणार नाही.

संपल्यावर म्हाताऱ्याने डोळे उघडले. मग विचारलं, "हा तोच कागद आहे ना, शनिवारचा?"

"तोच. दुसरा कुठून येणार?"

"हं," म्हणाला, आणि करार पिशवीत ठेवला. सही करायची म्हणून पेन काढलेलं होतं, तेही ठेवलं.

कानाने कमी ऐकू येत असणार. मामांना सांगायला हवं, चांगला डॉक्टर विचारावा.

२२ नोव्हेंबर

मुक्ताताईंनी मला एकट्याला बोलावलं. चहा दिला, स्वतः घेतला नाही.

"खरं सांग. त्यांच्या मनात काय आहे?"

"काही नाही. मजेत आहेत. परवा इमामबाडा बघितला, काल..."

"सिद्धेश, यार, मी टूर विचारत नाहीये. दोन आठवडे झाले. कारखाना आवडला म्हणतात, माणसं आवडली म्हणतात, शकील मियाँच्या घरी जेवून येतात. आणि कराराचं नाव काढलं की मंडे, ट्यूज़डे. हो नाही तर नाही म्हणावं ना. मालक मला रोज फोन करतोय. मी या साहेबांच्या भरवशावर तीस तारखेला हो म्हटलं आणि हे उडून गेले, तर पुढचं भाडं कुठून आणू? नाही म्हटलं तर ही सहा माणसं कुठे जाणार? या वयात शकील मियाँ ई-रिक्शा चालवणार?"

मी म्हटलं, श्रीमंत लोक असेच असतात. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तू वाचलायस ना करार त्यांना? नीट?"

"दोनदा."

"मग काय ऐकायचं राहिलंय त्यांचं?"

मलाही कळत नाही. निघताना दारात शकील मियाँ म्हणाले, "बेटा, साहब दिल के साफ़ हैं. कोई काँटा अटका है बस." आजचा सुविचार : 'पोट साफ तर मन साफ.' उलटं असावं.

२४ नोव्हेंबर

गोरखपूरहून सीमेपर्यंत बस मिळते. करार झाला की, किंवा नाही झाला की, निघायचं. मामीने न विचारता रजाई काढून दिली. इथली थंडी वेगळीच आहे, हाडात शिरते. (हाडात!)

२६ नोव्हेंबर

आज मोठाच घोळ केला. लिहायचीही लाज वाटतेय, पण लिहितो.

हज़रतगंजच्या एका हॉलमध्ये छोट्या व्यापाऱ्यांच्या कुठल्या तरी मंडळाने रॉनचा सत्कार ठेवला होता. शाल, झेंडूचा हार, पाटीवर 'शून्य से शिखर तक'. मुक्ताताई पहिल्या रांगेत, शेजारी शकील मियाँ, अत्तर लावून. मी स्टेजवर, दोन माइकांच्या मध्ये. आधी सगळं छान चाललं. चिंध्यांची वखार सांगितली, बरण्या सांगितल्या, टाळ्या पडल्या. मागे समोशाच्या ताटल्या मांडायला लागले, तिकडे माझं लक्ष गेलं.

तेवढ्यात सूत्रसंचालक, काळी शेरवानी, फार अदबीने म्हणाले, "हमारे नौजवान जानना चाहेंगे कि साहब की शिक्षा कहाँ हुई?"

शिक्षा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आमचे मिरजेचे ओतारीसर उभे राहतात. 'अंगठे धर.' पाठीवर डस्टर ठेवायचे, पडला तर आणखी एक तास. मी माइकमध्ये, मोठ्याने, इंग्रजीत विचारलं : "काका, तुम्हाला शिक्षा कुठे झाली?" म्हणजे पनिशमेंट. शुद्ध पनिशमेंट.

बोलल्याबरोबर कळलं. शिक्षा मंत्री, शिक्षा विभाग, सगळ्या पाट्या डोळ्यांसमोरून गेल्या. पण शब्द गेला होता. रॉनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हाराला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं, असं की जणू मी त्याचा शर्ट सगळ्यांसमोर वर केला.

मग माइक जवळ घेऊन म्हणाला, "शाळेत. सगळी शाळेतच झाली."

आता यात मी काय बदलणार? हिंदीत तसंच सांगितलं, "स्कूल में. सारी की सारी स्कूल में ही हुई." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. शेरवानीवाले म्हणाले, "वाह, क्या सादगी है!" प्रश्नही जुळला, उत्तरही जुळलं. हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. फक्त मुक्ताताई टाळ्या वाजवत नव्हत्या. तोंडावर हात ठेवून रॉनकडे बघत होत्या.

२७ नोव्हेंबर

कालचं राहिलेलं.

सत्कार संपल्यावर रॉनकाका गाडीत बसले नाहीत. (आजपासून 'ते' लिहितो. का, ते पुढे.) रस्त्याकडेच्या बाकावर बसले, शाल तशीच खांद्यावर. मी शेजारी. समोर शेंगदाणेवाला.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"शाळेचं."

मी शपथा घेतल्या. म्हटलं, काका, चूक झाली, त्यांच्या भाषेत शिक्षा म्हणजे शिकणं, आमच्या भाषेत शिक्षा म्हणजे मार. शब्द तोच. माझ्या कानाने आमचा घेतला.

ते हसायला लागले. इतके हसले की शेंगदाणेवाला पुडी बांधायची थांबला. डोळे पुसत म्हणाले, "तुमचीच भाषा खरी आहे, पोरा."

मग सांगितलं. त्यांना अक्षरं कधी स्थिर दिसलीच नाहीत. इंग्रजी अक्षर कागदावर सुटं पडलेलं, जरा बघितलं की उलटं होतं, शेजारच्यात घुसतं. दर शुक्रवारी वर्गापुढे उभं राहून वाचायचं. हे आधीच्या पोराचं ऐकून पाठ म्हणायचे. एकदा पुस्तक उलटं धरलं होतं. मास्तरने ते तसंच उलटं धरायला लावून यांना सगळ्या वर्गांतून फिरवलं. त्यानंतर छड्या तर रोजच्याच.

"मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "एक ओळ नाही. तीनशे माणसांचा पगार दिला मी, आणि माझ्याच गेटवरची पाटी मला वाचता येत नव्हती."

शीला शेजारच्या गाळ्यावर कपबश्या विकायची. यांच्या बिलावर अक्षरांऐवजी बटणांची चित्रं असतात हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं, आणि कुणाला सांगितलं नाही. लग्नानंतर रोज सकाळी चहाबरोबर तिने सगळे कागद वाचून दाखवले. पन्नास वर्षं. सकाळचा चहा म्हणजे हा होता होय!

मी विचारलं, आता फोन वाचून दाखवतो की सगळं.

"दाखवतो. पण फोन घसा खाकरत नाही. शीला एखाद्या ओळीपाशी आली की घसा खाकरायची. तिथे काहीतरी डाव असायचा. मी कागद कधीच ऐकला नाही रे, मी तिला ऐकायचो." मग शांतपणे म्हणाले, "आणि तू तर दोन वेळा दोन वेगळे करार वाचलेस. शनिवारी जागेविषयी बरंच काही होतं, मंगळवारी नव्हतंच. मला वाटलं, कुणीतरी कागद बदलतंय. मुक्तावर संशय घेतला मी. चांगली बाई आहे ती. पण ज्याला वाचता येत नाही त्याने संशय नाही घ्यायचा तर काय करायचं?"

मी हातातली शेंगदाण्यांची पुडी बाकावर ठेवली. सांगितलं, मी उड्या मारल्या. कंटाळा आला म्हणून.

ते रागावतील असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "तुलाही शाळेत शिक्षा व्हायची?"

"अंगठे धरून."

"हं," म्हणाले, आणि पुडी माझ्याकडे सरकवली.

२८ नोव्हेंबर

मुक्ताताईंना सांगायला गेलो तर त्याच म्हणाल्या, "मला तिन्ही भाषा येतात रे गाढवा. मला परवाच कळलं, तू काय विचारलंस आणि त्यांनी काय सांगितलं. मेनूकार्ड, नावांचा कागद, तो चष्मा... मी आंधळी आहे का? हो, होतेच."

मग कारखान्यातच बैठक बसली. मला वाटलं त्या वाचतील. म्हणाल्या, "तू वाच. मी बोट ठेवते. बोट हलल्याशिवाय तू हलायचं नाही." माझी शिक्षा. कुठल्या भाषेतली ते देवाला ठाऊक.

रॉनकाकांनी आधीच अट घातली, कानशी घेऊन बसलेत त्या सहाही जणांना सोबतच हिंदीत कळलं पाहिजे. "इथे न वाचणारा मी एकटाच नसेन." शकील मियाँ म्हणाले, "उर्दू तो हम फ़र्राटे से पढ़ते हैं, साहब. अंग्रेज़ी में हम भी आप ही की जमात के हैं."

एक परिच्छेद इंग्रजीत, मग तोच हिंदीत. काका डोळे मिटून. मधला भाग आला, ज्याच्यावरून मी दोन्ही वेळा उडी मारली होती, आणि आता मुक्ताताईंचं बोट तिथेच. तीन वर्षांनंतर काम दुसऱ्या कुठल्याही गावी हलवायचा हक्क इंग्रजांकडे, असं लिहिलेलं होतं. वाचता वाचता शकील मियाँचे हात दिसले आणि मी अडखळलो. घशात काहीतरी आलं.

काकांनी एक डोळा उघडला. "काय आहे तिथे? परत वाच."

परत वाचलं. त्यांनी मुक्ताताईंना विचारलं, "हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू सही करणार होतीस?"

"तीन वर्षं तर मिळाली असती," मुक्ताताई म्हणाल्या. बोट तिथेच होतं.

काका म्हणाले, हे वकिलाच्या हातचं मीठ आहे, तो सगळ्यात टाकतो. तिथल्या तिथे फोन लावला, काय बोलले ते मला नीट कळलं, कारण माझं इंग्रजी त्याच प्रकारचं आहे. ती ओळ गेली. दुपारनंतर नवा कागद आला, तोही सगळा वाचला, पहिल्या शब्दापासून. मला कंटाळा आला नाही असं नाही. पण बोट होतं.

सही त्यांनी फार सावकाश केली, कोरल्यासारखी. शकील मियाँनी मला विचारलं, "सही?" मी म्हटलं, "हो, सही." ते विचारत होते बरोबर का, मी म्हणत होतो सही झाली. या वेळी चाललं.

३० नोव्हेंबर

मुक्ताताईंनी मालकाला सांगून टाकलं, जागा सोडत नाही. मामा म्हणाले, "मग? नेपाळ?" मी म्हटलं, तिकडे आता बर्फ असेल. श्रुती म्हणाली, "पापा, इसको छेड़ो मत, अभी पका नहीं है."

६ डिसेंबर

नवीन काम : रोज सकाळी रॉनकाकांना पेपर वाचून दाखवायचा, चहाबरोबर. उडी मारली की कळतं त्यांना. "ऑफिसर काय म्हणाला ते राहिलं," म्हणतात. ऐकून ऐकून असे कान झालेत.

आज रविवारसारखं ऊन होतं. मामीने त्यांना जेवायला बोलावलं. (हाडांबद्दल विचारलं, "धुऊन घेतात ना रे?" हे तिचं माघार घेणं.) जेवण झाल्यावर काका श्रुतीच्या हिंदी पेपराचा मथळा न्याहाळत होते. म्हणाले, "या अक्षरांच्या डोक्यावर ही दोरी कसली?"

"शिरोरेखा," मामा म्हणाले. मी इंग्रजीत सांगायला गेलो, शब्द सापडेना.

"वाळत घातल्यासारखी दिसतात," काका म्हणाले. "चिमटे लावून. पळता येत नाही त्यांना." बोटाने ती रेघ ओढत गेले, हळूहळू, वखारीत कापड तपासत असतील तसे. "ही जागेवर राहतात, पोरा."

श्रुतीने स्वतःची जुनी पाटी माळ्यावरून काढली. "अंकल, ये देखिए. क. ख." मास्तरीण भयंकर आहे, पण हसते फार. त्यांना म्हणाली, "गलती पे सज़ा नहीं मिलेगी, जलेबी मिलेगी." आज चार जलेब्या खाल्ल्या त्यांनी. मी दोन. माझी एकही चूक नव्हती.

१५ डिसेंबर

बटणं शिवायला जाड दोरा हवा होता म्हणून काकांबरोबर अमीनाबादला गेलो. तिथली गर्दी सांगायची गरज नाही. मी पुढे, ते माझ्या खांद्याला धरून मागे. त्यांना दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचून दाखवत होतो, तशी अटच आहे आता. "कुर्ते, थोक व फुटकर. दुपट्टा. लेस-गोटा. चश्मे." मध्येच एका टोपलीत मांजरीची पिल्लं दिसली, पिवळी, आणि मी बघायला वाकलो.

खांद्यावरचा हात थांबला.

"एक सोडलीस," काका म्हणाले.

"नाही हो. लेस-गोटा झालं, चश्मे झालं."

"मध्ये. ती छोटी."

दोन दुकानांच्या मध्ये एक फळी लोंबत होती, हाताएवढी, निळा रंग उडालेला. मी बघितलीच नव्हती. वाचणार तेवढ्यात त्यांनी माझ्या तोंडापुढे हात धरला. गळ्यातला चष्मा उचलून डोळ्यावर चढवला. तो डोळ्यावर मी पहिल्यांदाच बघितला. लोक धक्के देत होते, एक रिक्षावाला "अरे चचा, हटिए न" म्हणत होता, ते हलले नाहीत. बोट हवेतच, त्या रेघेखालून, एकेका अक्षराशी थांबत.

"ब," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "ट."

मी मांजरीची पिल्लं विसरलो. देवाशपथ, श्वासही घेतला नाही.

"न."

मग तिन्ही एकत्र म्हणून बघितलं. एकदा हळू. मग मोठ्याने, इतकं की आतला दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "हाँ हाँ साहब, मिलेगा, कौन सा चाहिए?"

"काय म्हणतो तो?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं : बरोबर, म्हणतोय.